खाडा नव्हे, सुट्टी

आपल्या वस्तीत 'सुट्टी' हा शब्द फार कमी ऐकू येतो. आपल्याकडे असतो तो खाडा. धुणीभांडी करणारी ताई एक दिवस गेली नाही की खाडा. ठेक्यावरचा सफाई कामगार हजेरीला नसला की खाडा. नाक्यावर सकाळी सातला उभं राहूनही कुणी नेलं नाही तर त्याला खाडासुद्धा म्हणत नाहीत, तो दिवस नुसताच बुडतो. खाडा म्हणजे पैसे कापले जाणार आणि वर चार शब्द ऐकावे लागणार. सुट्टी म्हणजे पैसे न कापता मिळालेली उसंत. वस्तीतली बरीच दुखणी या दोन शब्दांमधल्या अंतरात वाढतात, असं आमचं मत आहे.

या पानावर आपण रक्तदाब, साखर, क्षयरोग, तंबाखू यांवर पुष्कळ वाचलं. आज आम्ही सांगतोय ते ऐकून काहींना हसू येईल. आमचं म्हणणं एवढंच की वर्षातून निदान एकदा काम बंद ठेवा, फोन बंद ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन एक रात्र बाहेर, मोकळ्या आभाळाखाली मुक्काम करा. शहरातली शिकलेली मंडळी याला कॅम्पिंग म्हणतात. आपल्यात म्हणतील, हे पैसेवाल्यांचे चोचले, आपल्याला कशाला? आमचा वाद त्या 'आपल्याला कशाला'शी आहे.

विहारात महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही एक साधा प्रश्न टाकला. गेल्या वर्षी किती दिवस कामावर गेला नाहीत, आणि का? उत्तरं भराभर आली. सासूचं मयत. भावाचं लग्न. पोराचा ताप. आधार कार्डावर अंगठा जुळत नव्हता म्हणून तीन खेपा. शाळेचा दाखला. कोर्टाची तारीख. सरकारी दवाखान्यात केसपेपरची रांग, दुसऱ्या दिवशी रिपोर्टची रांग. नळाला पाणी आलं नाही म्हणून एक दिवस. सगळ्यांचे मिळून बरेच दिवस झाले, पण त्यात 'बरं वाटावं म्हणून घेतलेला' एकही दिवस नव्हता. आम्ही तसं विचारलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, "त्यासाठी कोण घरी राहतं हो?" सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

ही सुट्टी आपल्याला कुणी दान दिलेली नाही, हे आपणच विसरलोय. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केलं आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. आज जो साहेब रविवारी पाय पसरून वर्तमानपत्र वाचतो, त्याने लोखंड्यांचं नाव ऐकलेलं असेलच असं नाही. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात, १९४५ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यातल्या कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर पगारी सुट्टीचा हक्क मिळाला. १९४६ साली कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तेही विधेयक बाबासाहेबांनीच मांडलं होतं. आपल्या व्याख्यानांत संविधान येतं, महाडचं तळं येतं, गोलमेज येते. मजूरमंत्री बाबासाहेब मात्र घाईघाईत दोन ओळींत उरकले जातात. १९४५ सालच्याच आपल्या एका ग्रंथात, गांधीवादावर टीका करताना, त्यांनी फुरसतीचा मुद्दा मांडला आहे. पोटासाठी राबण्यातच सगळा दिवस गेला तर माणसात आणि जनावरात फरक उरत नाही. फुरसत मिळाली तरच माणूस विचार करतो, शिकतो, संस्कृती घडवतो, अशा आशयाचं ते विवेचन आहे. म्हणजे फुरसत हा त्यांच्या लेखी चैनीचा विषय नव्हता.

आणि आज? कायम नोकरीतल्या माणसाला रजा आहे. त्यातले कितीतरी जण ती साठवतात आणि शेवटी पैसे करून घेतात. आमच्या ओळखीतले एक शिक्षक आहेत. मे महिन्याच्या सुट्टीतही त्यांचा फोन शाळेच्या ग्रुपवर टिंगटिंग वाजत असतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांना आठवड्याची सुट्टी, वर्षाला आठ दिवसांची किरकोळ रजा आणि कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा लागू आहे. मॉलमध्ये, शोरूममध्ये, कुरिअरच्या गोदामात काम करणाऱ्या आपल्या पोरांनी हे एकदा विचारून पाहावं. घरकाम करणाऱ्या बाईला यातलं काहीच लागू नाही. तिची सुट्टी मॅडमच्या मर्जीवर. रिक्षावाल्याची सुट्टी कर्जाच्या हप्त्यावर. आणि घरोघर जेवण पोहोचवणाऱ्या मुलाने ॲप बंद केलं की आठवड्याचा इन्सेन्टिव्ह गेलाच म्हणून समजा.

शरीर मात्र यातलं काही जाणत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्या माणसाला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असल्याचं त्यात म्हटलं आहे. आता आपल्या वस्तीतला सिक्युरिटी गार्ड घ्या. बारा तासांची ड्यूटी, आठवड्याचे सहा दिवस, झाले ७२ तास. बदली माणूस आला नाही की सातवाही दिवस, म्हणजे ८४. धुणीभांडी करणाऱ्या ताईंचे तास तर कुणी मोजतच नाही, कारण चार घरची कामं उरकून त्या पाचव्या घरी, म्हणजे स्वतःच्या घरी येतात आणि तिथलं काम कुठल्याच हिशेबात नसतं. आपल्यात पन्नाशीच्या आत 'अचानक गेला' म्हणून किती घरांत जावं लागतं, ते तुम्हीच आठवून पाहा. त्याला फक्त कामाचे तासच जबाबदार, असं आम्ही म्हणणार नाही. तंबाखू आहे, दारू आहे, न घेतलेल्या गोळ्या आहेत. पण राबणं हेही एक कारण आहे, आणि ते दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिलं जात नाही.

झोपेचं बघा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. वरच्या पत्र्याच्या फटीतून हायमास्टचा उजेड थेट डोळ्यांवर. शेजारी बाराला टीव्ही बंद होतो, साडेतीनला पाणी येतं की लगेच हंड्या-कळशांचा आवाज. मधल्या वेळात पोरं पांघरुणात मोबाइल बघतात. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या केनेथ राइट या संशोधकाने २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत राहायला नेलं. मोबाइल नाही, बॅटरी नाही. दिवसा सूर्य आणि रात्री शेकोटी, एवढाच उजेड. त्या आठवड्यात त्यांच्या अंगातलं झोपेचं घड्याळ सुमारे दोन तास आधी सरकलं, म्हणजे अंधार पडला की शरीर लवकर झोपेच्या तयारीला लागलं. पुढे २०१७ साली त्यांनी दाखवलं की नुसत्या शनिवार-रविवारच्या मुक्कामानेही त्यातला बराच फरक पडतो. माणसं मोजकीच होती, तेव्हा यावर फार मोठे इमले बांधू नयेत. आणि घरी परत आल्यावर तोच हायमास्ट आहे हेही आम्हाला कळतं. पण एकदा तरी शरीराला कळू द्या की पुरी झोप कशी असते. ज्याने ती अनुभवलीच नाही, तो तिच्यासाठी भांडणार कसा?

तंबूत राहणं आपल्याला कुणी शिकवायला नको, ही आणखी एक गंमत. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या मैदानात लाखो माणसं मंडपात, ताडपत्रीखाली, उघड्यावर राहतात. दीक्षाभूमीवरही तेच. चटणी-भाकरी बांधून घेणं, पाण्याचा कॅन सांभाळणं, पोरांच्या खिशात चिठ्ठी ठेवणं, थंडीत चादरीवर चादर घालणं, हे सगळं आपल्या घराघरांत पाठ आहे. पण तिथे आपण अभिवादनाला जातो. तिथे रांग आहे, गर्दी आहे, जबाबदारी आहे. परत येताना मन भरलेलं असतं आणि पाय सुजलेले असतात. ते वेगळं, आणि ते तसंच राहावं. आम्ही बोलतोय ते दुसऱ्या मुक्कामाबद्दल, जिथे कुठेच पोहोचायचं नसतं.

गेल्या जानेवारीत आमच्या गल्लीतली अकरा कुटुंबं, लहानमोठी मिळून ४६ माणसं, एका शनिवारी पुण्याहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरलो. मुक्काम ओळखीच्या एका कुटुंबाच्या शेतात. निम्मे तंबू भाड्याचे, बाकीच्यांना मंडपवाल्याकडची ताडपत्री. जवळच भाज्याची लेणी. सनपूर्व काळात खोदलेली, बावीस लेणी. चैत्यगृह बघितलं, चौदा स्तूपांचा समूह बघितला, विहारांमधले दगडी बाक बघितले. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावं, चालणं-भिक्षा थांबवावी म्हणून वर्षावास आला, आणि त्यासाठी दगडात झोपायची जागा कोरली गेली, पाण्यासाठी पोढ्या खोदल्या गेल्या, असं आम्ही पोरांना सांगितलं. पाचवीतला एक मुलगा त्या दगडी बाकावर आडवा झाला आणि म्हणाला, "इथं आमच्या घरापेक्षा जास्त जागा आहे." त्याच्या आईने त्याला दटावलं. खरं तर दटावण्यासारखं काही नव्हतं. लेण्यांत मुक्काम करायला परवानगी नाही, स्वयंपाक करायलाही नाही, ती संरक्षित वास्तू आहे. सूर्य कलायच्या आत आम्ही खाली उतरलो.

निघायच्या आधी मोठा वाद झाला होता. एका ताईंनी विचारलं, "तिकडे स्वयंपाक कोण करणार?" पुरुष मंडळी गप्प. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मी इथंच बरी. इथं निदान गॅस आहे." या एका वाक्याने सगळ्या सहलीचं पितळ उघडं पडलं. आपल्याकडे सहल म्हणजे पुरुषांना सुट्टी, पोरांना मजा, आणि बाईला तीच चूल दुसऱ्या जागी. वर लाकडं ओली. म्हणून एक नियम ठरला. घराच्या उंबऱ्याबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत बायका चुलीला हात लावणार नाहीत, भांड्यांना नाही, आणि पोरांच्या जेवणासाठी हाकाही मारणार नाहीत. पिठलं-भात पुरुषांनी केला. पिठल्यात गुठळ्या झाल्या, भात खाली लागला. भाकरी कुणालाच येत नव्हती, ती जवळच्या गावातल्या बचत गटाकडून विकत घेतली. तिथेही बाईच राबली हे खरं, पण तिला दाम मिळाला. एक आजी दगडावर बसून तीन दगडांची चूल कशी मांडायची, वारा कुठून घ्यायचा, हे जावयाला सांगत होत्या. स्वतः उठल्या नाहीत. सहा घरी काम करणाऱ्या एक ताई सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हात रिकामे ठेवायला कसंतरी होतंय." अर्ध्या तासाने त्या आंब्याच्या सावलीत आडव्या झाल्या आणि थेट अडीच तास झोपल्या. कुणी उठवलं नाही. आमच्या मते त्या दोन दिवसांतली सगळ्यात मोठी आरोग्यसेवा तीच.

फोनचंही असंच. दोन फोन अडीअडचणीसाठी चालू ठेवले, बाकी सगळे एका कापडी पिशवीत. गाण्याचा बॉक्स आणायचा नाही असं ठरलं, तेव्हा तरुण पोरं नाराज झाली. बाबासाहेबांची गाणी आम्हालाही प्राणाहून प्रिय आहेत, पण ती बॉक्सवर लागली की माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात. रात्री शेकोटीभोवती एका आजींनी बिनमाईकचं गाणं म्हटलं, जुन्या जलशातलं. तिच्या नातींनी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. सिक्युरिटीत असलेले एक भाऊ आहेत, त्यांची मुलगी त्यांना एरवी फक्त झोपलेलं बघते. ती शाळेतून येते तेव्हा ते झोपलेले असतात आणि ती झोपते तेव्हा ते ड्यूटीवर असतात. आपला बाप तालुक्याच्या कबड्डी संघात होता हे तिला त्या रात्री कळलं. सफाईतल्या एका कामगाराच्या फोनवर रात्री मुकादमाचे सात मिस्ड कॉल येऊन पडले होते. सोमवारी हजेरीची जागा बदलली, एवढाच निरोप होता. तो रविवारी रात्री घरी आल्यावर वाचला तरी काही बिघडलं नाही.

दारूबद्दल स्पष्ट बोलतो. चार मित्रांनी घर सोडून धरणाकाठी जाऊन बाटली उघडायची आणि त्याला विश्रांती म्हणायचं, हे आम्हाला मान्य नाही. त्यातून येणारा माणूस थकून येतो, कधी कधी येतच नाही. पवना धरणाच्या काठावर माणशी हजाराच्या पुढेमागे पैसे घेऊन तंबू देतात, सोबत मोठ्या आवाजातलं संगीत. तिथे जाऊन झोप मिळत नाही. गेलंच पाहिजे असं काही नाही.

आता एक कडू गोष्ट. या शेतात यायच्या आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी फोन केला होता. जागा आहे, दर अमुक, सगळं ठरत आलं. मग पलीकडून विचारणा झाली, "मंडळाचं नाव काय?" आम्ही विहाराचं नाव सांगितलं. थोडा वेळ शांतता, मग "आडनाव काय म्हणालात?" संध्याकाळी निरोप आला, जागा भरली. असं झालं की आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, नकोच ते बाहेर जाणं, आपली वस्ती बरी. हा सल नवा नाही. १९३४ साली चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना म्हटलं, तुम्ही आलात तर सगळे मिळून एक सहल काढू. वेरूळची लेणी बघायचं ठरलं. सुमारे तीस माणसं निघाली. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी, प्रवासाच्या धुळीने माखलेले हातपाय त्यांनी तिथल्या टाक्याच्या पाण्यात धुतले. 'यांनी तळं बाटवलं' असा ओरडा झाला, जमाव गोळा झाला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला बघू दिला तो सोबत शिपाई देऊन, आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला आहे. आपण तो अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो, आणि तो आहेच. पण ती सहल होती, हेही लक्षात घ्या. सभा नव्हती, परिषद नव्हती. त्या धकाधकीच्या वर्षांतही बाबासाहेब आपल्या माणसांबरोबर लेणी बघायला निघाले होते. पाण्यावरून हाकलणाऱ्यांना आपण घाबरलो नाही, तर आडनाव विचारणाऱ्या फोनला घाबरून घरी का बसावं? असा नकार मिळाला तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा, बोलणं शक्यतो लेखी घ्या, आणि चळवळीतल्या वकिलांना दाखवा.

जायचं ठरलं तर काही गोष्टींत हयगय नको. पावसाळ्यात मुक्काम टाळा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात चार मुलं होती. पाणी घोट्याएवढं असताना उभं राहावं आणि पुढच्या काही मिनिटांत लोंढा यावा, इतकं ते फसवं असतं. जागेवर संडास आहे का हे आधी विचारा, कारण नाही म्हटलं की बायका आणि मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लघवी रोखून धरतात. त्यातून होणारी जळजळ आणि संसर्ग आपल्या वस्तीत काही कमी नाही. जमिनीवर झोपणार असाल तर मच्छरदाणी हवीच, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेल्या हव्यात. मण्यार हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, तेव्हा सूज येत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. कुणालाही संशय आला तरी आवळून बांधणं, कापणं, मांत्रिक यातलं काही करायचं नाही. हातपाय हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा, सर्पदंशावरचं इंजेक्शन तिथे मोफत मिळतं. लेण्यांच्या कपारींना आग्या मोहोळं असतात, तिथे धूर, दगडफेक, अत्तर काही नको. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या, 'सहलीत कुठे गोळ्या' म्हणून सोडू नका. इन्सुलिन उन्हातल्या गाडीत ठेवायचं नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. पाणी घरून न्या, नाहीतर उकळून घ्या.

पैशांचं सांगतो. आमचा खर्च १३,८०० रुपये आला, माणशी तीनशे. तो जड नव्हता. जड गेला तो खाडा. दोन ताईंनी पंधरा दिवस आधी सांगूनही दोन दिवसांचे पैसे कापले गेले, तिसरीला मॅडमने स्वतःहून "जाऊन ये" म्हटलं. म्हणून आता गल्लीत एक भिशी सुरू केली आहे. कुटुंबामागे आठवड्याला पन्नास रुपये. चाळीस आठवड्यांत दोन हजार होतात, त्यातून प्रवास आणि जेवण भागतं आणि ज्याचा खाडा पडेल त्याला त्यातूनच थोडा हातभार लावायचा. हा उपाय अपुरा आहे. सुट्टीचे पैसे मालकाने द्यायचे असतात, शेजाऱ्याने नव्हे. ठेकेदाराकडे सफाईत असलेल्यांच्या संघटनेने भरपगारी रजेची मागणी या वर्षीच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर घ्यावी, असं आम्ही त्यांना कळवलं आहे. आजवर ती बूट, हातमोजे आणि साबणाच्या नंतर येत होती. घरकामगार ताईंनी एका सोसायटीत काम करणाऱ्या सगळ्यांनी मिळून महिन्याचे ठरलेले दिवस मागावेत, एकटीने मागितले की दुसरी बाई उभी केली जाते.

या वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जायचा विचार आहे. तरुणांचं म्हणणं अजिंठा-वेरूळ करू. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, तेव्हा दिवस जुळवावे लागतील आणि त्यासाठी दोन रात्री लागतील. म्हाताऱ्यांचं म्हणणं नाशिकची त्रिरश्मी लेणी बरी, पायऱ्या चढल्या की झालं आणि खालीच बुद्धविहार आहे. ते अजून ठरायचं आहे. स्वयंपाकाच्या यादीचा कागद मात्र विहाराच्या दाराशी लावला आहे. आतापर्यंत त्यावर सात पुरुषांची नावं आली आहेत, आणि एकाने कंसात लिहिलंय, 'भाकरी शिकतोय'.